रोज वेगळा दिसणारा बहुरूप्या: आधी रूप की आधी विश्वास?



आजचा भाग मी पुण्यातल्या खोलीत नाही, तर माहेरी, शेळगावात बसून रेकॉर्ड केलाय. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव. एकीकडे कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि दुसरीकडे कडबनवाडीच्या बाजूला पसरलेलं माळरान. ऐकताना मधूनमधून भुंकणं कानावर येईल. ते मी एडिटिंगमध्ये मुद्दाम काढलं नाही, कारण आजचा पाहुणाच तो आहे. आणि नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा पूर्ण भाग खाली लिहून देतेय.

पाहुण्याचं नाव बहुरूप्या. वय साधारण नऊ महिने. मालकीण माझी भाची, वय वर्षं बारा.

नाव असं का पडलं

दिवाळीनंतर आमच्या गोठ्यामागं पाचटाच्या ढिगात एका गावठी कुत्रीनं पिल्लं घातली. दीडेक महिन्यात ती बिचारी गाडीखाली गेली. पिल्लं कुणी कुणी नेली, एक मागं राहिलं. गडद तपकिरी, जवळजवळ काळंच. कान पडलेले, डोळे निळसर. बैलगाडीखाली जाऊन बसायचं आणि कुणी वाकलं की गुरगुरायचं.

मग त्याचं रूप पालटायला लागलं. डोळ्यांचा निळेपणा जाऊन ते तपकिरी झाले. काळी लव गळून पिवळसर केस आले. एक कान उभा राहिला, दुसरा पडलेलाच. दोन आठवड्यांनी दोन्ही उभे. पाय एकदम लांब सुटले. भाची मला फोनवर म्हणायची, "आत्या, ह्यो रोज निराळाच दिसतोय गं!" म्हणून बहुरूप्या.

पण गावात दुसरीच चर्चा सुरू झाली. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "हे कुत्रं न्हाय, लांडग्याचं हाय. मोठं झालं की दावंल रंग." आता, ही भीती उगाच नव्हती. आमच्या माळावर लांडगे खरंच आहेत, आणि लांडग्याची पिल्लंही लहानपणी गडदच असतात. भाचीनं पिल्लाची आई स्वतः पाहिलेली, तरी ती घाबरली. रात्री मला मेसेज: "आत्या, तो खरंच बदलला तर?"

हा प्रश्न मला सोडेना. ज्याचं रूप बदलतं, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

आपल्या गोष्टी काय सांगतात

रूप बदलणारं कुत्रं आपल्याला नवीन नाही. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिरामागं एक कुत्रा चालत जातो. स्वर्गाच्या दारात त्याला सोडून ये म्हटल्यावर युधिष्ठिर नकार देतो, आणि मग तो कुत्रा धर्म म्हणून प्रकट होतो. दुसरी गोष्ट तर आपल्या पालखीच्या वाटेवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. तो कुत्रा म्हणजे विठ्ठल.

दोन्ही गोष्टींत क्रम बघा. आधी माणसानं माया लावली, मग रूप बदललं. खात्री पटल्यावर लावलेली माया नाही ती.

मला वाटायचं, हे गोष्टीपुरतं ठीक. पण विज्ञानातही हाच क्रम दिसतो, हे वाचून मी चाट पडले.

सायबेरियातले कोल्हे

1959 साली सोव्हिएत रशियात, नोवोसिबिर्स्कजवळ, दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञानं एक प्रयोग सुरू केला. फर मिळवण्यासाठी पाळलेले रुपेरी कोल्हे घेतले. ते पिंजऱ्यात असले तरी माणसाला चावायला धावायचे. रोजचं काम होतं ल्युदमिला त्रुत या तरुण संशोधिकेकडे. निवडीची अट एकच: माणूस जवळ आल्यावर जो कमी घाबरतो, कमी चिडतो, त्याचीच पुढची पिढी वाढवायची. रंग बघायचा नाही, कान बघायचे नाहीत.

काही पिढ्यांतच माणूस दिसल्यावर शेपूट हलवणारी, हात चाटणारी पिल्लं जन्माला यायला लागली. आठ-दहा पिढ्यांत काहींचे कान पडलेले राहू लागले, अंगावर पांढरे ठिपके आले, शेपट्या वळल्या. निवड फक्त स्वभावाची केली होती, रूप आपोआप बदलत गेलं.

असं का झालं असेल? एक तर्क असा: गर्भात पेशींचा एक समूह असतो. त्याच पेशींपासून पुढं भीतीच्या वेळी रसायन सोडणाऱ्या ग्रंथींचा भाग तयार होतो, कातडीचा रंग ठरतो, आणि जबड्याची हाडं नि कानाची कूर्चाही बनते. भीती कमी असलेले प्राणी निवडले की या पेशींच्या कामात फरक पडतो आणि बाकीचं रूपही हलतं. सगळ्यांना हे मान्य नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, हे कोल्हे कॅनडातल्या फर-फार्मच्या वंशातले, म्हणजे आधीच थोडे माणसाळलेले होते आणि ठिपक्यांसारख्या गोष्टी त्यांच्यात पूर्वीपासून असाव्यात. वाद चालू आहे. पण स्वभाव बदलला, यावर कुणाचा वाद नाही.

आणि आता माझा आवडता भाग. 1974 साली ल्युदमिला एका छोट्या घरात पुशिंका नावाच्या कोल्हीबरोबर राहायला गेली. पुशिंका गाभण होती. व्याल्यावर तिनं आपलं एक पिल्लू उचलून आणलं आणि ल्युदमिलाच्या पायाशी ठेवलं. ल्युदमिला तिच्यावर रागावली, अगं त्याला थंडी वाजेल! पुढं एका रात्री अंगणात अनोळखी चाहूल लागली तेव्हा हीच पुशिंका कुत्र्यासारखी भुंकत धावली. कोल्ही, बरं का!

लांडग्याचा कुत्रा कसा झाला

कोल्ह्यांच्या बाबतीत माणसानं मुद्दाम केलं. लांडग्याच्या बाबतीत ते किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी घडलं, आणि नेमकं कसं यावर अजून चर्चा आहे. पण ते नातं कसं होतं, याचा एक पुरावा फार बोलका आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं 1914 साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत एक लहान वयाचा कुत्रा. त्याचे दात नंतर तपासल्यावर कळलं की पिल्लूपणी त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता. हा फार वाईट आजार. अशा अवस्थेत शिकार नाही, राखण नाही, काहीच उपयोग नाही. तरी ते कित्येक आठवडे जगलं. म्हणजे कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली.

पुढं कुत्र्याचा चेहराही आपल्यासाठी बदलला. 2019 च्या एका संशोधनात दिसलं की भुवईचं आतलं टोक उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला विकसित असतो, लांडग्यात जेमतेम. भाकरी मागताना तो जो केविलवाणा चेहरा करतो ना, तो त्या स्नायूचा प्रताप. आणि 2015 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा नि मालक एकमेकांकडं प्रेमानं बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळात जे रसायन काम करतं, तेच. माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असं दिसलं नाही.

आता परत गोठ्यात

पण हजारो वर्षांचा हा वारसा असला तरी समोरचं पिल्लू चाव्याला मोकळंच असतं. प्रत्येक पिल्लाला विश्वास नव्यानं शिकावा लागतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंतचा काळ त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. बहुरूप्याचा निम्मा काळ माणसापासून लांबच गेला होता.

भाचीनं काय केलं? शाळेतून आली की बैलगाडीपासून चार हात लांब, त्याच्याकडं पाठ करून बसायची आणि गृहपाठ करायची. हाक नाही, हात पुढं नाही, डोळ्यांत डोळे घालून बघणं नाही. अनोळखी कुत्र्याला टक लावून बघणं म्हणजे धमकी वाटते. अकराव्या दिवशी त्यानं येऊन तिची चप्पल हुंगली. तिनं मान वळवली नाही. मला सांगताना मात्र फोनवर ओरडत होती!

मग आमच्याकडून चूक झाली. घरी पाहुणे येणार म्हणून तिला घाईघाईनं त्याला आंघोळ घालायला सांगितलं. तिनं मागून पकडलं आणि तो चावला. हातावर दोन दात उमटले.

इथं कान देऊन ऐका. आईनं हळद लावायची तयारी केली होती. भावानं थांबवलं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुतली आणि लगेच सरकारी दवाखाना गाठला. लसीचे सगळे डोस वेळेवर पूर्ण केले, एकही चुकवला नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, पण वेळेत जखम धुवून लस घेतली तर तो टाळता येतो. पिल्लू घरचं आहे, लहान आहे, म्हणून सोडून देऊ नका.

आई म्हणाली, "पोत्यात घालून घाटात सोडून या त्याला." त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. भाची रडत होती, पण तिचं वाक्य मला अजून आठवतं: "चूक माझी हाय. मी त्याला विचारलंच न्हाय."

पिल्लू राहिलं. पण आता घाबरलेले दोघं होते. ती हात लांब करायची आणि मागं घ्यायची. पुन्हा पाठ करून बसणं, पुन्हा गृहपाठ. या वेळी पंचवीस दिवस लागले.

कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. 2017 च्या त्यांच्या एका प्रयोगात काही कुत्र्यांना अनोळखी माणसानं पुन्हा पुन्हा खाऊ दिला, काहींना फक्त कुरवाळलं. विश्वास जास्त कुठं वाढला? कुरवाळण्यात. बिस्किटानं कुत्रं जवळ येतं, पण टिकतं ते रोजच्या सारख्याच वागण्यानं.

विश्वासाची दुसरी बाजू

बहुरूप्या लांडगा नाहीच. जनावरांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, अस्सल गावठी. पण आजोबांची शंका एका अर्थानं महत्त्वाची निघाली.

आपल्या माळावरचा लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या फार जुन्या शाखांपैकी एक. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला सर्वोच्च संरक्षण आहे, त्याचं पिल्लू घरी आणणं गुन्हा आहे. माळावर एकटं पिल्लू दिसलं तर आई बहुतेक जवळपासच असते. उचलू नका, वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

आणि त्याला आता आपल्या कुत्र्यांचा धोका आहे. मोकाट कुत्र्यांकडून डिस्टेंपर आणि रेबीज त्याच्याकडं जातात. कुत्र्यांशी संकरही होतोय. पुणे जिल्ह्याच्या माळावर दिसलेल्या एका वेगळ्या रंगाच्या प्राण्यात लांडगा आणि कुत्रा दोघांचा अंश असल्याचं 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. म्हणजे लांडग्याचं रूप पुन्हा बदलतंय, पण या वेळी तो हरवत चाललाय.

म्हणून भाचीनं दोन गोष्टी केल्या. बहुरूप्याच्या डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसी टोचून घेतल्या, आणि नसबंदीसाठी डॉक्टरांशी बोलून ठेवलं. माळाकडं त्याला मोकळा सोडत नाही. चौदा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आजारी पिल्लाला पाणी पाजलं. आज तेच काम एका लसीच्या सुईनं होतं, आणि त्यात लांडगाही वाचतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला असं दिलं: तो बदलणारच गं. कान बदलतील, रंग बदलेल, म्हातारा होईल. तू कशी वागतेस, ते मात्र त्याला रोज तेच दिसू दे.

हे बोलतेय तेव्हा खिडकीतून दोघं दिसतायत. ती ओट्यावर गणितं सोडवतेय. बहुरूप्या तिच्याकडं पाठ करून, तिला टेकून बसलाय, तोंड रस्त्याकडं. आता पाठ राखायची पाळी त्याची.

तुमच्या गल्लीत असा कुणी बहुरूपी आहे का? त्याची गोष्ट व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि अनोळखी कुत्र्याला हात लावायच्या आधी त्याला विचारा.