कौतुकाने कॅमेरा मिळत नाही

चित्रीकरणातील अडचणींचा विषय निघाला की नटांच्या तारखा आणि भांडवल यांचीच चर्चा होते. धुळ्याच्या शेजारच्या मालेगावने मात्र वेगळाच प्रश्न पुढे ठेवला. व्हिडिओ पार्लर चालविता चालविता तंत्र शिकलेल्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ निर्माण केला. पुढे ‘सुपरमॅन’च्या विडंबनासाठी कॅमेरा सायकलवरून फिरला, बैलगाडीचा उपयोग क्रेनसारखा झाला आणि नायक हिरव्या कापडासमोर ‘उडाला’. कॅमेरा पाण्यात पडताच सारे काम खोळंबले. कारण दुसरा कॅमेराच नव्हता. नायक शफीक शेख यंत्रमागावरील कामगार होते. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळे ही धडपड जगाला कळली. शफीक मात्र पुढे कर्करोगाने अकाली गेले. २०२५ मध्ये या मंडळींवरील हिंदी चित्रपट देशभर झळकला, तो पाहण्यास ते नव्हते.

कल्पकता वंदनीय खरीच. परंतु तिच्या कौतुकात अभावाचाच गौरव होऊ नये. धुळे-जळगावकडील अहिराणी बोलणाऱ्या होतकरू तरुणांपुढेही रोजगार की कला, हाच पेच आहे. कॅमेरा आता स्वस्त झाला. बुडणारी मजुरी, प्रशिक्षण आणि अपघाताचा विमा यांचे काय? जळगावचे विद्यापीठ आणि दोन्ही शहरांच्या महापालिका यांनी साधने व शिक्षण पुरविले, तर खानदेशची कला केवळ कौतुकावर जगणार नाही.