गाळण्याच्या दगडावरची अलिफ-बे

सुट्टी लागली की मुलं लोणावळा-माथेरान मागतात. आपल्याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावच्या उत्तरेला, गाळणा गाव आहे. वर डोंगरी किल्ला. परकोट, लोखंडी, कोतवाल पीर, लाखा अशा दरवाजांतून चढत गेलं की माथ्यावर जुनी मशीद लागते. १८०४ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला होता.

पण खरी दौलत फारसी शिलालेखांची. उर्दू शिकणाऱ्या मुलांना त्यातली अक्षरं शोधायला लावा. अर्थ लागणार नाही, हरकत नाही. फोटो काढा आणि शाळेत फारसी शिकलेले बुजुर्ग घरात असतील तर त्यांच्याकडून वाचून घ्या. असे वाचणारे आता थोडेच उरलेत. पाणी, डबा घरूनच न्या.