रावेच्या गावात ओळखी कशा जोडाव्यात?

कृषी पदवीचं सातवं सत्र वर्गात नाही, गावात जातं. ग्रामीण कृषी कार्यानुभव हे त्याचं पूर्ण नाव. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सगळे त्याला ‘रावे’ म्हणतात, आणि गावकरी आपल्याला कृषीदूत किंवा कृषीकन्या. पुढे नोकरी करा, बियाण्यांचा व्यवसाय करा की घरची शेती, लागणाऱ्या पहिल्या ओळखी इथेच होतात.

जाण्याआधी त्या गावात मागच्या वर्षी कोणती तुकडी होती ते शोधा. त्यांना विचारा: कोण वेळ देतं, कोणतं काम अर्धं राहिलं? गोदाकाठचं गाव आणि जिंतूरकडचं डोंगराळ गाव यांच्या अडचणी वेगळ्या असतात. हे आधी कळलं तर पहिल्याच दिवशी नेमका प्रश्न विचारता येतो.

पोचल्यावर सरपंच, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि यजमान शेतकरी, म्हणजे ज्यांच्या शेतावर आपण शिकणार ते, यांना भेटा. आपलं गाव आणि घरची शेती सांगा. मराठवाड्यात ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नातून बोलणं पुढे जातं. शेतकऱ्याच्या मुलाने किंवा मुलीने ते लपवण्याचं काही कारण नाही.

मग गावाचा आराखडा. गावकऱ्यांनाच रांगोळीने जमिनीवर गावाचा नकाशा काढायला सांगतात. इथे एक चूक नेहमी होते. पारावर बसणारेच बोलतात आणि निंदणी-वेचणी करणाऱ्या बायका, शेतमजूर बाहेरच राहतात. कापसावर कीड कधी दिसली हे त्यांना बऱ्याचदा आधी माहीत असतं. त्यांच्याकडे मुद्दाम जा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते माती परीक्षणात. नमुना घेतला जातो, फोटो निघतो, आणि पिशवी खोलीच्या कोपऱ्यात पडून राहते. पुढच्या तुकडीला पहिला प्रश्न येतो, ‘मागच्या पोरांनी नेलेल्या मातीचं काय झालं?’ म्हणून झेपतील तेवढेच नमुने घ्या. बांध, विहीर, उकिरडा यांच्याजवळची माती टाळा. पिशवीवर शेतकऱ्याचं नाव आणि गट क्रमांक लिहा. अहवाल आला की स्वतः नेऊन द्या आणि त्यातला सामू, म्हणजे माती आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी ते सांगणारा आकडा, समजावून सांगा. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘सरांना विचारून सांगतो’ म्हणा, आणि खरोखरच सांगा. अंदाजाने सांगितलेल्या फवारणीने पीक गेलं तर ते नुकसान शेतकऱ्याचं असतं.

रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा: कोण भेटलं, काय सांगितलं, आपण काय कबूल केलं. नुसता फोन नंबर चार महिन्यांनी काहीच आठवून देत नाही.

काही आठवडे कृषी उद्योगात, म्हणजे बियाणे कंपनीत किंवा प्रक्रिया केंद्रात, काढावे लागतात. तिथे पहिल्याच दिवशी नोकरी मागू नका. आधी काम बघा, तक्रारी कसल्या येतात ते ऐका. निघायच्या आठवड्यात विचारा, ‘इथे नव्याने येणाऱ्याला काय यायला हवं?’ तिथल्या कुणाचं नाव संदर्भासाठी अर्जात द्यायचं असेल तर त्यांची परवानगी घ्या. न विचारता नाव दिलं की माणूस दुखावतो.

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या सुमारास विद्यापीठात रब्बी शेतकरी मेळावा भरतो. यजमानांना घेऊन जा आणि त्यांच्या पिकाच्या शास्त्रज्ञांशी त्यांची गाठ घालून द्या. मला हे रावेतलं सर्वांत मोलाचं काम वाटतं, कारण दोघांनाही एकमेकांची गरज असते आणि दोघांच्याही लक्षात आपण राहतो.

गाव सोडल्यावर रोज ‘शुभ सकाळ’ पाठवू नका. यजमानांनी परभणी मोती ही रब्बी ज्वारी पेरली असेल तर काढणीनंतर उतारा विचारा. पेरणीच्या दिवसांत फोन संध्याकाळी करा. नोकरी लागली की तेही कळवा.

एखाद्या शेतकऱ्याचा अहवाल अजून आपल्याकडेच असेल, तर याच आठवड्यात पोचवा. उशिरा मिळाला तरी पुढच्या पेरणीला खताची मात्रा ठरवायला तो त्यांना उपयोगी पडेल.