एक खेळ, अनेक रीती

अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचे एक लहानसे, वनश्रीने नटलेले राज्य आहे. २७ जून १९८१ या दिवशी तेथील हेनिकर गावाजवळच्या रानात बारा माणसे एकमेकांची चाहूल घेत फिरत होती. प्रत्येकाच्या हातात एक पिस्तूल होते. परंतु त्यातून सुटणाऱ्या गोळीने कोणी मरणार नव्हते, केवळ रंगणार होते. रानात चार ठिकाणी चार रंगांची निशाणे ठेवलेली होती. अंगाला रंगाचा डाग लागू न देता चारही रंगांचे एकेक निशाण घेऊन जो बाहेर येईल तो विजयी, असा त्या खेळाचा नियम होता.

या अजब खेळाचा उगम एका वादात होता. चार्ल्स गेन्स हा लेखक आणि हेज नोएल हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील दलाल, असे हे दोन मित्र. शहरात वाढलेला चतुर मनुष्य रानात निभावून नेईल, की रानात वावरलेलाच तेथे टिकेल, यावर दोघांचा वाद चाले. बॉब गर्न्सी हा तिसरा मित्र त्यांना मिळाला आणि वादाचा निकाल लावण्यासाठी त्यांनी हा खेळ रचला. त्यांना साधनही आयतेच सापडले. तोडावयाच्या झाडांवर आणि कळपातील गुरांवर दुरून खूण करण्यासाठी रंगाची गोळी उडविणारे एक पिस्तूल त्या देशात विकत मिळत असे. खूण करणारे म्हणून या हत्याराला आजही खेळाडू बंदूक न म्हणता ‘मार्कर’ म्हणतात, आणि या खेळाला ‘पेंटबॉल’.

मग त्या दिवशी जिंकले कोण? रिची व्हाइट नावाचा एक वनव्यवसायी. तो झाडाझुडपांच्या आडून निःशब्द फिरला, चारही निशाणे त्याने मिळविली, आणि नवल असे की, त्याने संपूर्ण खेळात एकही गोळी उडविली नाही! मुलांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रथम या खेळाचे साधन समजावून घेऊ. पेंटबॉलची गोळी साधारण टपोऱ्या गोटीएवढी असते. तिचा व्यास ०.६८ इंच. औषधाच्या कुपीसारखे जिलेटिनचे पातळ कवच आणि आत रंग, अशी तिची रचना असते. आरंभी हा रंग तेलाचा असे व तो काढण्यासाठी टर्पेंटाइन लागे. आता तो पाण्याने सहज धुतला जातो. मार्करमधील दाबलेली हवा एकाएकी मोकळी झाली की तिच्या रेट्याने गोळी नळीतून सुटते आणि अंगावर आदळताच फुटते. तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ९१ मीटरपेक्षा, अधिक असू नये असा प्रचलित दंडक आहे. खेळापूर्वी प्रत्येक मार्करचा वेग यंत्राने मोजून पाहतात. एवढ्या वेगाची गोळी अंगाला लागली तर वळ उठेल. डोळ्याला लागली तर डोळा जाईल. म्हणून डोळे, कान व तोंड झाकणारा मुखवटा चढविल्यावाचून कोणीही मैदानात पाऊल टाकीत नाही, आणि मैदानाबाहेर येईपर्यंत तो क्षणभरही काढीत नाही. घामाने समोरचे दिसेनासे झाले तरी मुखवटा उचलावयाचा नाही. पंचाला हाक मारून त्याच्या आधाराने बाहेर यावयाचे.

दुसरा दंडक मनाचा आहे. अंगावर गोळी फुटली की खेळाडूने स्वतः हात वर करून बाद झाल्याचे सांगावे. पंच असतात, परंतु प्रत्येक झुडपामागे पंच कोठून असणार? डाग पुसून पुढे खेळणारा खेळाडू या खेळात अत्यंत हीन समजला जातो.

आता मुख्य विषयाकडे वळू. झाड वाढले की त्याला फांद्या फुटतात. तसेच या खेळाचे झाले. एक फांदी रानातच राहिली. तेथे झाडे, ओढे आणि उंचवटे हाच आडोसा; तेथे धीर आणि सावधपणा यांना मोल. दुसरी फांदी सपाट मैदानावर आली. तेथे हवा भरलेले मोठमोठे अडसर दोन्ही बाजूंना अगदी सारखे मांडलेले असतात, म्हणजे कोणत्याही संघाला जागेचा अधिक लाभ होत नाही. दोन्ही बाजूंना पाच पाच खेळाडू असतात. प्रतिपक्षाच्या प्रारंभस्थानी पोहोचून भोंग्याची कळ दाबली की एक गुण मिळतो. एक डाव कधी कधी मिनिटभरातच आटोपतो. तिसऱ्या रीतीत शेकडो खेळाडू दोन पक्षांत विभागून एखादे कथानक दिवसभर खेळतात. साधनांवरूनही भेद पडले. कोणी प्रत्येक गोळीसाठी हाताने दट्ट्या ओढतात, कोणी साधा यांत्रिक मार्कर वापरतात, तर कोणी विजेरीवर चालणारा.

फांद्या फुटल्या याचे दुःख नाही. परंतु फांद्या एकमेकींशी भांडू लागल्या. रानातले खेळाडू म्हणू लागले, “मैदानावर नुसता गोळ्यांचा पाऊस, त्यात युक्ती कसली?” मैदानावरचे म्हणू लागले, “झुडपात दडून बसणे याला का खेळ म्हणावे?” स्पर्धांतही एकवाक्यता नव्हती. इसवी सन २००२ नंतर काही वर्षे अमेरिकेतील एक मोठी स्पर्धामालिका सात सात खेळाडूंची, तर दुसरी पाच पाच खेळाडूंची होती. गोळ्या किती वेगाने उडवाव्यात याचे नियमही दोहोंचे निराळे. दोन्हीकडे खेळू पाहणाऱ्या संघाला दोन प्रकारचा सराव आणि दुप्पट खर्च करावा लागे.

या भांडणात खरी हानी झाली ती नवख्या खेळाडूची. थोडे गणित करून पाहा. आजच्या प्रमुख स्पर्धांत मार्करने सेकंदाला सुमारे दहा गोळ्या उडविण्याची मर्यादा आहे. पूर्वी ती याहूनही सैल होती. दोन हजार गोळ्यांचा खोका या वेगाने किती काळ पुरेल? दोनशे सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटेही नाही! आता भाड्याचा मार्कर हाती घेऊन पहिल्यांदाच मैदानात उतरलेल्या मुलाची कल्पना करा. तो एक गोळी उडवितो न उडवितो तोच समोरून दहा गोळ्या येऊन त्याच्या अंगावर फुटतात. हसत हसत आलेला तो मुलगा वळ चोळीत घरी जातो, आणि पुन्हा येत नाही. जुने खेळाडू वयोमानाने थांबतात. नवे आले नाहीत, तर मैदाने ओस पडतील. मग रानवाल्यांनी आणि मैदानवाल्यांनी कोणाशी भांडावयाचे?

सुदैवाने जाणत्या लोकांनी यावर उपाय योजले. मैदानी स्पर्धांचे नियम हळूहळू एका साच्यात आले. गोळ्यांच्या वेगाला लगाम घातला गेला. खेळाडूंच्या अनुभवाप्रमाणे श्रेणी पाडण्यात आल्या, म्हणजे कसलेल्या गड्याने नवशिक्यांच्या गटात शिरून सोपा विजय मिळवू नये. मोठ्या स्पर्धांच्या जोडीला यांत्रिक मार्करचे सामनेही भरू लागले. त्यामुळे जुन्या रीतीचे खेळाडू आणि कमी पैशांत खेळू इच्छिणारे तरुण यांना एकाच मेळाव्यात स्थान मिळाले. लहान मुलांसाठी अर्ध्या इंचाची हलकी गोळी निघाली. तिचा मार कमी लागतो. अनेक मैदानांवर नवख्यांचे खेळ निराळे ठेवतात, आणि अगदी जवळ गाठलेल्या खेळाडूवर गोळी न झाडता त्याला “शरण ये” म्हणण्याची चाल पाळतात.

यात एक तत्त्व दिसून येईल. डोळ्यांचे रक्षण, वेगाची मर्यादा, पंचांचा मान आणि स्वतःहून बाद होण्याचा प्रामाणिकपणा, या गोष्टी सर्व रीतींत एकच असल्या पाहिजेत. त्यांत तडजोड नाही. परंतु रान की मैदान, पाच की शंभर, धीर की चपळाई, यांत ज्याची त्याला मोकळीक असावी. ऐक्य म्हणजे सर्वांनी सारखेच होणे नव्हे. ज्या पायावर सर्व उभे आहेत तो एक असणे, हे ऐक्य होय.

हे लिहिताना मला माझ्या शाळेतील एक प्रसंग आठवतो. मधल्या सुट्टीत मुले कबड्डी खेळत होती. दुसऱ्या गावाहून नुकताच आलेला एक मुलगा मैदानाच्या कडेला एकटाच उभा होता. मी विचारले, “का रे, तू खेळत नाहीस?” तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, आमच्या गावात मेलेला गडी डाव संपेपर्यंत उठत नाही. इथे तो पुन्हा जिवंत होतो. माझं चुकेल, आणि हसतील सगळे.” त्याची गामिनी आणि आमची संजीवनी! रीती दोन, पण खेळ एकच. मी संघनायकाला बोलावून एवढेच सांगितले, “आज याला तुमची रीत शिकवा, उद्या त्याची रीत तुम्ही शिका.” दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग गामिनी खेळत होता आणि तो मुलगा मोठ्या उत्साहाने नियम समजावून देत होता. त्यानंतर तो कधी कडेला उभा राहिलेला मला दिसला नाही.

हेनिकरच्या रानातील तो विजेता आठवा. ज्याने एकही गोळी उडविली नाही, त्याच्यापासून या खेळाचा आरंभ झाला. अधिक गोळ्या उडविणारा तो मोठा, असे या खेळाने मुळातच मानलेले नाही. तुमचा खेळ कोणताही असो. मैदानात उतरण्यापूर्वी एकदा कडेला नजर टाका. तेथे कोणी उभे असेल, तर त्याला आधी आत बोलवा.