चार टायर, एकच खाते

चातुर्मास संपला की साधु-साध्वींचे विहार सुरू होतात. भल्या पहाटे पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेने पायी जाणारी श्वेतवस्त्रे आणि त्यांच्या शेजारून धावणारे चाकणचे कंटेनर, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अशा वेळी आपली गाडी किती अंतरात थांबेल हे तळहाताएवढ्या चार ठशांवर ठरते. तेवढाच टायर रस्त्याला टेकलेला असतो.

पिंपरी-चिंचवडच्या व्यापारी कुटुंबांत आता ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. चाकणलाच तयार झालेल्या एक्सयूव्ही ७०० मध्येही तसा प्रकार मिळत असे. गाडी हौसेने घेतली जाते. तिच्या टायरांचा हिशेब मात्र साध्या गाडीसारखाच केला जातो. ही चूक मी स्वतः केली आहे.

तीन वर्षांपूर्वी तळेगाव-चाकण रस्त्यावर लोखंडी पट्टीने आमच्या गाडीच्या मागच्या टायरची बाजू चिरली. कारखान्यांच्या भागात असे तुकडे रस्त्यावर नित्याचेच. बाजूची चीर पंक्चरसारखी बुजवता येत नाही, म्हणून टायर बदलणे भाग होते. उरलेले तीन अर्धे झिजलेले. दुकानदार म्हणाला, “साहेब, एकच बदला, बाकीचे अजून वर्षभर काढतील.” आयुष्यभर बँकेत इतरांच्या खर्चाला कात्री लावलेली, सल्ला मला मनापासून पटला. सुमारे चाळीस हजार वाचले. काही महिन्यांनी सोसायटीच्या आवारात गाडी वळवताना ती अडखळू लागली, मागून घरघर ऐकू येऊ लागली. मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या क्लचच्या चकत्या जळाल्या होत्या. दुरुस्तीचे अंदाजपत्रक दीड लाखाच्या घरात गेले.

कारण साध्या गणितात आहे. उदाहरणार्थ, २३५/६० आर १८ मापाच्या नव्या टायरचा घेर सुमारे २,३२२ मिलिमीटर असतो. नक्षीची खोली ८ वरून ४ मिलिमीटरवर आली की तो घेर २५ मिलिमीटरने कमी होतो. परिणामी झिजलेला टायर दर किलोमीटरला नव्यापेक्षा चार-पाच फेरे जास्त फिरतो. मागे दोन नवे आणि पुढे दोन जुने टायर असतील, तर दोनशे किलोमीटरच्या प्रवासात पुढची चाके मागच्यांपेक्षा नऊशेहून अधिक फेरे घेतात. एकच टायर नवा असेल तर हा फरक निम्मा होतो, पण त्या आसावरचा डिफरन्शियल अखंड राबत राहतो. सरळ रस्त्यावरही गाडी जणू वळणावर आहे, असा यंत्रणेचा समज होतो. क्लच घसरत, तापत राहतो.

सुबारू ही जपानी कंपनी आपल्या गाड्यांच्या चार टायरांच्या घेरात जेमतेम ६ मिलिमीटरचा फरक चालवून घेते. इतर उत्पादक नक्षीच्या खोलीत साधारण दीड ते अडीच मिलिमीटरची मुभा देतात. आपल्या गाडीची मर्यादा तिच्या पुस्तिकेत पाहावी. गरजेपुरतीच फोर व्हील ड्राइव्ह जोडण्याची सोय असलेल्या थारसारख्या गाडीत एरवी दोनच चाके ओढतात, त्यामुळे तेथे हा धोका कमी. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडणी लावू नये.

परदेशात नवा टायर तासून जुन्यांच्या बरोबरीला आणून देतात. आपल्याकडे ती सोय सहसा नाही. म्हणून चारही टायर एकाच वेगाने झिजवणे हाच मार्ग. इंजिनाचे ओझे आणि वळण्याचे काम यांमुळे पुढचे टायर, विशेषतः त्यांच्या कडा, लवकर झिजतात. त्यासाठी दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करावी. मागचे टायर त्याच बाजूने पुढे न्यावेत. पुढचे मागे नेताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नये, केवळ पुढचा मागे आणि मागचा पुढे करावा. नंतर हवा पुन्हा तपासावी, कारण पुढच्या-मागच्या दाबाचे आकडे वेगळे असू शकतात. अरुंद स्टेपनी या फेऱ्यात धरू नये; ती फक्त जवळच्या दुकानापर्यंत, तीही सावकाश, जाण्यासाठी असते.

कारच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी असणे कायद्याने आवश्यक आहे. खाचांमधील उंचवट्यांपर्यंत टायर घासला की ती सीमा गाठली गेली. पावसाळ्यात मी मात्र तेथपर्यंत थांबत नाही. ३ मिलिमीटर उरले की चारही बदलतो, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि नक्षीचे. टायरवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंकही वाचतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल नवा म्हणून घेण्यात अर्थ नाही.

खोली मोजण्याची लहानशी पट्टी स्वस्तात मिळते. जुन्या खातेवहीत टायरांसाठी मी एक पान राखले आहे. गेल्या लाभपंचमीची नोंद: पुढे ५.० आणि ५.१, मागे ५.६ आणि ५.५. त्याच दिवशी अदलाबदल करून घेतली.