जंजिरा पाहायचा तर पौषात

मुरूडचा किनारा आणि जंजिरा पाहायला कधी जावे, असे आपले व्यापारी बांधव विचारतात. समुद्राचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च; त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव बेजार होतो. पावसाळ्यात राजपुरीहून किल्ल्यात जाणाऱ्या होड्या बंद असतात, म्हणजे किल्ला काठावरूनच पाहून परतायचे. जंजिरा हा शब्द अरबी जझीरा, अर्थात बेट, यावरून आला. 1948 पर्यंत येथे सिद्दी नवाबांचे संस्थान होते.

खरी अडचण आहे ती दुकानाची. दिवाळीपर्यंत कापडवाल्याला फुरसत नाही. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू. मग पौष येतो. पौषात आपल्या हिंदू गिऱ्हाइकांकडे लग्ने नसतात, गल्ला थंडावतो आणि नेमकी तेव्हाच कोकणची हवा सुखाची असते. माझ्या मते नगरच्या कापडवाल्याने पौषच धरावा. नाताळ ते 1 जानेवारी मात्र टाळावे, खोल्यांचे भाव भलतेच चढतात. शनिवार-रविवारही नको.

पण हा हिशेब लवकरच बिघडणार. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तो जानेवारीत, ऐन पौषात येईल, आणि ईद फेब्रुवारीच्या सुरुवातीस. ईदची विक्री सोडून होडीत कोण बसणार? त्या वर्षी फेब्रुवारीचा मध्य गाठावा. शिंपी भावांना सोबत न्यायचे असेल तर दुसरा इलाजच नाही. चांदरातीपर्यंत त्यांची सुई थांबत नाही.