घरातील वाय-फाय आणि सहा गिगाहर्ट्‌झचा वाद

भिंती रेडिओलहरी शोषतात. लहरींची वारंवारता जितकी अधिक, तितकी ही हानी जास्त. त्यामुळे राउटर लोखंडी कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय. शेजारच्या राउटरांच्या गर्दीवर मात्र तो पुरेसा ठरत नाही. त्यासाठी नवा पट्टा हवा आणि वाद तेथेच आहे. अमेरिकेने २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्‌झचा संपूर्ण पट्टा परवानामुक्त केला. भारतात मोबाइल कंपन्यांनी तो मोबाइल सेवेसाठी मागितला, तर तंत्रज्ञान कंपन्यांनी वाय-फायसाठी. दूरसंचार विभागाच्या मे २०२५ मधील मसुद्यात खालचे ५०० मेगाहर्ट्‌झ, तेही मर्यादित शक्तीच्या उपकरणांपुरतेच, खुले करण्याचा प्रस्ताव होता. पट्टा खुला झाला तरी या लहरी भिंतीपलीकडे क्षीणच पोहोचतात. दूरच्या खोलीची भिस्त जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झवरच राहते.